दार ढकलून बघितलं का?

"दार ढकलून बघितलं का?" उस्तादांनी विचारलं.

अभिनंदनला हसू आलं. "फोनला दार कुठं असतंय, उस्ताद?"

"मी तुला नाही विचारलं."

ज्यांना विचारलं होतं ते गृहस्थ बाकावर बसले होते. दत्तू वायदंडे. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते, आता निवृत्त. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत त्यांच्या लेकीचा फोन. लेक नवरात्रात गेली होती.

समोरच्या स्टँडवर एक गाडी मागं येत होती, वायदंडे तिच्याकडं बघत राहिले.

...

आधी या प्रश्नाचं सांगतो, नाहीतर म्हातारा चळला असं तुम्हालाही वाटेल.

उस्ताद म्हणजे दस्तगीर शिकलगार. तासगावात स्टँडसमोर त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांचा आजा कुलपं करायचा. किल्ली हरवलेलं गिऱ्हाईक कुलूप तोडायला बोलवायला आलं की आजा हत्यारांची पिशवी उचलायच्या आधी हाच प्रश्न विचारायचा. दार ढकलून बघितलं का? दहातल्या दोघा-तिघांचं दार नुसतं फुगून अडकलेलं असायचं. घाबरलेल्या माणसाला कुलूप आधी दिसतं, असं आजा म्हणायचा.

आजाची कुलपं गेली, बापाचे रेडिओ गेले, उस्तादांच्या हातात मोबाइल आले. प्रश्न तोच राहिला. त्यामुळं पोरंटोरं त्यांची टिंगल करायची. मीही केली आहे.

मी कोण, तर रिकामा माणूस. शाळेतून निवृत्त झालेला. माझा रेडिओ या दुकानात सहा महिने दुरुस्तीला पडलेला आहे. खरं म्हणजे तो पहिल्याच आठवड्यात दुरुस्त झाला. उस्ताद तो परत देत नाहीत आणि मी मागत नाही, कारण मग रोज येऊन बसायला निमित्त राहणार नाही.

आणि अभिनंदन चौगुले. पंचवीस वर्षांचा, डिप्लोमा झालेला, बोटं सोन्याची आणि तोंड त्याहून मोठं. दुकानातला कॉम्प्युटर त्यानं स्वतः आणला होता. त्या कॉम्प्युटरवर त्याचं एक सॉफ्टवेअर होतं. फोन वायरनं जोडायचा, चार बटणं दाबायची, की फोन रूट. गावातली कॉलेजची पोरं त्याला 'रूटवाला' म्हणायची आणि त्याला ते फार आवडायचं.

...

"मामा, पॅटर्न लॉक आहे ना?" अभिनंदननं विचारलं.

"रेघा वडायच्या असत्यात तसलं हाय," वायदंडे म्हणाले. "मला ठावं न्हाई कुठली रेघ. हिच्या आईलाबी ठावं न्हाई."

"लागतच नाही ती. मी रूट मारतो."

"म्हंजे?"

अभिनंदन खुलला. हा प्रश्न कुणी विचारला की तो खुर्ची पुढं ओढायचा.

"म्हणजे बघा मामा, आपण फोन विकत घेतो, पण आपण मालक नसतो. भाडेकरू असतो. कंपनी म्हणते या खोलीत जा, त्या खोलीत जाऊ नका. रूट मारला की आपण मालक. लॉक काय, पॅटर्न काय, सगळं आपल्या हाताखाली. रूट म्हणजे मूळ. एकदा मुळाला हात घातला की..."

"मूळ?" उस्ताद म्हणाले.

"हो. इंग्रजीत रूट, मराठीत मूळ."

उस्तादांनी भिंगाचा चष्मा कपाळावर सरकवला.

"आमच्या मराठीत मूळ म्हणजे आणखी एक असतं. सासरी असलेल्या लेकीला सणाला न्यायला माहेरचं माणूस जातं. त्याला मूळ म्हणतात. मूळ धाडलं, मूळ आलं... बायका वाटेकडं डोळे लावून बसायच्या."

"ते जुनं झालं, उस्ताद."

"हो," उस्ताद म्हणाले. "जुनं झालं."

वायदंड्यांनी पिशवीची गाठ सोडली आणि परत बांधली. मी ते पाहिलं, पण तेव्हा त्याचा अर्थ मला लागला नाही.

...

मग त्यांनी सांगितलं. तुटक तुटक सांगितलं. मध्ये स्टँडवरचा भोंगा वाजला की थांबायचे.

लेकीचं नाव सारिका. एकुलती एक. भाऊ नाही, त्यामुळं मूळ म्हणून बापच जायचा. सासर कऱ्हाडच्या पलीकडं. सातव्या माळेला सकाळी आठ वाजता ती विहिरीत सापडली. पाय घसरला, असं सासरचे म्हणाले. दिवस झाले, कार्य झालं. महिन्यानं तिची पेटी माहेरी आली. पेटीत साड्या होत्या आणि एका साडीच्या घडीत हा फोन.

"घडीत का ठेवला असंल?" वायदंडे म्हणाले. "लपवल्याशिवाय कोन साडीत ठेवतंय फोन? ह्यात कायतरी हाय, उस्ताद. कुनीतरी तिला कायतरी बोललं असंल. लिवलं असंल. मला ते बगायचं हाय. ज्यानं केलं त्याला मी सोडनार न्हाई."

त्यांनी खिशातून स्वतःचा फोन काढला. त्याला रबर लावलेलं होतं, त्यांच्या कंडक्टरच्या डायरीला लावायचे तसंच. रबर सरकवलं, अंगठा फिरवला, आणि फोटो दाखवला. सारिका बाकावर बसलेली, हातात कणीस.

उस्तादांनी फोटो बघितला. मग फोन धरलेल्या हाताकडं बघितलं.

"तुमच्याशी बोलायची का ती? फोनवर?"

"बोलायची की. बोलून पाठवायची. मला लिवलेलं वाचायचा कटाळा, म्हून बोलून पाठवायची."

"काय म्हणायची?"

वायदंड्यांनी फोन खिशात टाकला.

"एकतीस वरसं लोकांच्या लेकी माहेरी पोचवल्या, उस्ताद," ते म्हणाले. "दिवाळीच्या गाडीला पाय ठेवाय जागा नसायची. मी म्हनायचो, पुढं सरका, लेकीबाळींना बसू द्या..."

हे उत्तर नव्हतं. उस्तादांनी पुन्हा विचारलं नाही.

मशिदीतून बांग आली. शुक्रवार होता. उस्तादांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली.

"मी नमाज पढून येतो. तुम्ही जेवून या, दत्तूभाऊ. आल्यावर बोलू. मला तुम्हाला एक विचारायचं आहे, ते जरा एकांतात." मग अभिनंदनकडं वळले. "याला हात लावायचा नाही."

"का ओ, उस्ताद?"

"दार ढकलायचं राहिलंय."

...

उस्ताद गेले. वायदंडे स्टँडवरच्या जुन्या सोबत्यांकडं चहाला गेले. फोन टेबलावर राहिला.

अभिनंदननं डबा उघडला आणि दोन घास खाऊन मिटवला.

"सर, तुम्ही सांगा," तो मला म्हणाला. "म्हाताऱ्याला ते येत नाही, म्हणून अडवतोय. बापाचा जीव तुटतोय की नाही? पाऊण तासाचं काम आहे. येतील तेव्हा फोन उघडा करून हातात देतो."

मी त्याला थांबवायला हवं होतं. मी शिक्षक आहे, थांबवणं हेच माझं आयुष्यभराचं काम होतं. पण खरं सांगतो, त्या फोनमध्ये काय आहे ते मलाही बघायचं होतं. मी म्हटलं, "बघ बाबा, तुझं तू."

एवढंच म्हटलं. ते आजही मला टोचतं.

त्यानं फोन बंद केला. आवाजाचं बटण दाबून धरलं आणि वायर लावली. कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडली, तिच्यात त्या फोनचा नंबर आला. अभिनंदननं चुटकी वाजवली.

"आला हातात. जुनं मॉडेल आहे, लगेच ऐकतंय."

एक बटण दाबलं. पट्टी सरकू लागली. पुन्हा एक बटण. मग कॉम्प्युटरवर इंग्रजीत चार ओळींची चौकट आली. अभिनंदनचं लक्ष चौकटीकडं नव्हतंच, तो मला सांगत होता की यापुढं तो सांगलीला स्वतःचं दुकान टाकणार आहे. बोलता बोलता त्यानं 'यस' दाबलं.

पट्टी भरली. फोन आपोआप बंद झाला. आपोआप चालू झाला.

कंपनीचं चिन्ह बराच वेळ फिरत राहिलं.

"वेळ का लागतोय?" मी विचारलं.

अभिनंदनच्या कानामागून घामाचा ओघळ आला. पंखा चालू होता.

मग पडदा पांढरा झाला. त्यावर रंगीत अक्षरं आली. आपलं स्वागत आहे, भाषा निवडा.

...

उस्ताद आले तेव्हा फोन तसाच होता. कुणी भाषा निवडली नव्हती.

त्यांनी टोपी खुंटीला लावली. टेबलाकडं बघितलं. काहीच विचारलं नाही, म्हणून अभिनंदनलाच बोलावं लागलं.

"उस्ताद... पुसलं गेलं."

"काय?"

"सगळं."

उस्ताद स्टुलावर बसले. सावकाश बसले. मला वाटलं, आता हात उगारतील. मी उठण्याच्या बेतात होतो.

"त्यानं विचारलं नव्हतं?" उस्ताद म्हणाले.

"कुणी?"

"तुझ्या कॉम्प्युटरनं."

अभिनंदननं मान खाली घातली. "विचारतं. दरवेळी विचारतं."

"काय विचारतं? वाच."

"आता कशाला, उस्ताद..."

"वाच."

चौकट अजून मागं उघडी होती. अभिनंदननं ती पुढं आणली आणि तुटक मराठीत वाचली. "मालकी मिळवण्यासाठी... या फोनमधला सगळा मजकूर... कायमचा पुसला जाईल. नंतर परत मिळणार नाही. पुढं जायचं आहे का?"

"आणि?"

"हो. नाही."

"आतापर्यंत किती फोन केलेस?"

"चाळीस तरी."

"कितव्यांदा वाचलंस?"

"पहिल्या वेळी वाचलं होतं, उस्ताद. मग... सगळ्यांना फोन रिकामाच करून हवा असायचा. गेम खेळणारी पोरं. कुणाचं काही आत नसायचं. नुसतं यस दाबायचं आणि पुढं जायचं, हाताला सवयच..."

उथळ पाण्याला खळखळाट फार, असं मी त्याच्याबद्दल कितीदा म्हटलं होतं. त्या वेळी मला त्याची दया आली, आणि स्वतःचा राग आला.

"काढता येतं का परत? सांगलीत, पुण्यात?" मी विचारलं.

"नाही येत, सर. या फोनचं आतलं सगळं कुलूपबंद लिहिलेलं असतंय. किल्लीच पुसली गेली."

"मालक झालास की मग," उस्ताद म्हणाले. आवाजात कडवटपणा नव्हता, त्यामुळंच ऐकवत नव्हतं.

"मारा मला, उस्ताद."

"ते सोपं आहे." त्यांनी तो स्वागत करणारा फोन उचलून अभिनंदनच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं वरून मिटली. "ते येतायत. तू सांगायचं. पहिल्या ओळीपासून सांगायचं. मी सांगितलं होतं हात लावू नको, तेही."

"तुम्ही सांगा ना... मला जमणार नाही."

"हो किंवा नाही?"

अभिनंदनच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हो," तो म्हणाला.

...

वायदंडे रस्ता ओलांडून आले. पायऱ्या चढताना त्यांनी उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. सवयीनं असेल, पण मला तो हात पाहवला नाही.

अभिनंदन उभा राहिला. त्यानं सांगितलं. उस्तादांनी मना केल्याचं सांगितलं, चौकटीचं सांगितलं, न वाचता दाबलेल्या बटणाचं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. शेवटी फोन दोन्ही हातांनी पुढं धरला.

"मामा, तुमच्या लेकीचं यात आता काहीच नाही. माझ्यामुळं."

वायदंडे फोनकडं बघत राहिले.

"काईच न्हाई?"

"नाही."

"म्हंजे आता... काईच कळनार न्हाई?"

"नाही, मामा."

मी तयारीत होतो. बाप ओरडेल, रडेल, पोराची कॉलर धरेल. त्याला तो हक्क होता.

वायदंड्यांचे खांदे खाली आले.

हे खांदे मी ओळखतो. छत्तीस वर्षं वर्गात काढली. परीक्षा पुढं ढकलली असं सांगितलं की अभ्यास न केलेल्या पोरांचे खांदे असेच खाली येतात.

"जाऊ दे, पोरा," ते म्हणाले. "तू काय मुद्दाम केलं न्हाईस. तिच्या नशिबातच न्हवतं. आता कुनाला इचारनार, कुनाला धरनार... देवाच्या मनात न्हाई म्हनायचं." त्यांनी पिशवीची घडी घातली. "माझी तीनची गाडी हाय."

अभिनंदनचा जीव भांड्यात पडला. त्यानं वाकून त्यांचे पाय धरले. वायदंड्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. माफी मागून झाली, माफी मिळाली. एखाद्या कीर्तनात शोभावा असा प्रसंग होता आणि मलाही वाटलं, चला, निभावलं.

"दत्तूभाऊ," उस्ताद म्हणाले, "तुमचा फोन बघू."

"माझा? माझा चालू हाय की."

"बघू तर."

"त्यात काय बगायचं?"

उस्तादांनी हात पुढं केला तो केलाच. वायदंड्यांनी खिशात हात घातला. रबर लावलेला फोन बाहेर आला. द्यायला वेळ लागला, पण दिला.

उस्तादांनी रबर काढून मनगटावर चढवलं. अंगठा फिरवला. फोन उघडला.

"याला कुलूप नाही," ते म्हणाले.

"न्हाई. मला कशाला कुलूप?"

"हं."

...

चष्मा डोळ्यांवर घेऊन उस्ताद एका बोटानं फोनमध्ये खाली खाली जात राहिले. गॅसवाला, पेन्शनवाले कोण, गावातल्या भजनाचा ग्रुप. बोट थांबलं.

"सारू म्हणजे सारिकाच का?"

वायदंड्यांनी पिशवीची घडी आणखी बारीक केली.

"अभिनंदन, इकडं ये. मला यातलं कळत नाही." ही काही खरी गोष्ट नव्हती, त्यांना सगळं कळत होतं. "या पट्ट्या कसल्या?"

अभिनंदन वाकला. "हे बोलून पाठवलेले मेसेज आहेत, उस्ताद."

"किती?"

"अकरा."

"काहींवरचं माइकचं चित्र निळं आहे. काहींचं हिरवं आहे. ते का?"

अभिनंदननं तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा तो उत्तर येत असून गप्प होता.

"सांग. तुझाच विषय आहे."

"निळं म्हणजे... ऐकलेलं."

"आणि हिरवं?"

"न ऐकलेलं."

"निळे किती?"

"पहिले चार."

"हिरवे?"

"सात."

समोर स्टँडवर कुणीतरी भोंग्यावरून सांगत होतं, विटा गाडी फलाट तीनवर लागली आहे.

"शेवटचा कधीचा?" उस्तादांनी विचारलं.

अभिनंदननं तारीख वाचली. मग वेळ. पहाटे पाच चाळीस. मी मनात माळा मोजल्या. सातवी माळ.

"केवढा आहे?"

"चार सेकंदांचा."

...

वायदंडे बाकावर बसले.

"तेच असायचं, उस्ताद," ते म्हणाले. "पयले चार आयकले मी. तेच. आबा, मूळ धाडा. आबा, कवा येताय. गौरीला बोलली, मी म्हनलं दसऱ्याला बगू. आदी दोनदा आनली होती तिला. चार-चार म्हैनं ठिवून घेतली. लोक बोलाय लागलं. वायदंड्याची लेक नांदत न्हाई. भजनात बसलं की माझ्याकडं बगून... मी म्हनलं, जरा ताठ ऱ्हावं. राग निवळंल, रुळंल. मग आयकू निवांत."

"आणि नंतर?"

"नंतर कसं आयकू?" त्यांचा आवाज फाटला. "सांगा की. ती गेल्यावर कसं आयकू मी?"

उस्तादांनी चष्मा काढला.

"म्हणून तिच्या फोनात बघत होता," उस्ताद म्हणाले.

"तितं दुसऱ्या कुनाचं तरी नाव घावंल असं..."

वायदंडे मध्येच थांबले. स्वतःचं बोलणं स्वतःच्याच कानावर पडल्यासारखे थांबले, आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

अभिनंदन भिंतीला टेकला होता. हातात अजून तो रिकामा फोन होता. आपण काय पुसलं आणि काय पुसलं गेलं नाही हे त्याला कळलं असावं. त्याच्या चेहऱ्यावर माफी मिळाल्याची खूण आता कुठं राहिली नव्हती.

उस्तादांनी टेबल आवरायला घेतलं. एकेक पेचकस, चिमटा, भिंग कापडी पट्ट्यात घातलं आणि पट्टा गुंडाळून बाजूला ठेवला. कॉम्प्युटरची वायर काढली. टेबल मोकळं झालं. त्या मोकळ्या टेबलावर त्यांनी वायदंड्यांचा फोन ठेवला, पडदा वर करून, आणि आपले दोन्ही हात मांडीखाली घेतले.

सात हिरव्या खुणा दिसत होत्या.

"तीनची गाडी लागली आसंल," वायदंडे म्हणाले.

तरी त्यांची नजर फोनवरच होती.

"मला ते लावायला येत न्हाई, उस्ताद."

"एक बोट लागतं."

"ह्यो पोरगा लावंल का?"

अभिनंदन पुढं झाला. उस्तादांनी नुसती मान हलवली, तो जागीच थांबला.

भोंग्यावरून तीनच्या गाडीचा पुकारा झाला. वायदंडे अर्धवट उठले. एकतीस वर्षांची सवय, गाडीचं नाव ऐकलं की पाय उठायचेच. बाकाला धरून ते तसेच वाकून उभे राहिले. दाराकडं बघितलं. मग टेबलाकडं.

"आयकायलाच पायजे का?" त्यांनी विचारलं. सत्तरीला टेकलेला माणूस, पण आवाज वर्गातल्या लहान पोराचा होता.

उस्तादांनी मांडीखालून एक हात काढला. एका बोटानं फोन त्यांच्या बाजूला सरकवला. वीतभर सरकवला असेल.

"मूळ आलंय, दत्तूभाऊ," ते म्हणाले. "जावं लागतं."